मिरवणुकीपुरती पलटण : न्यू ऑर्लिन्सचे नेटिव्ह गार्ड्स, १८६१–६२

२३ नोव्हेंबर १८६१ रोजी न्यू ऑर्लिन्समध्ये फौजेची जंगी पाहणी झाली आणि त्याच दिवशी शहरातून तार गेली. अठ्ठावीस हजारांवर सैनिक, सात मैलांहून लांब रांग, आणि त्या रांगेत मुक्त कृष्णवर्णीयांची एक अख्खी पलटण, १,४०० माणसांची. त्या पलटणीचा त्या दिवसाचा हजेरीपट मात्र वेगळं सांगतो : ३३ अधिकारी आणि ७३१ शिपाई. तारेवरून जाताजाता माणसं जवळपास दुप्पट झाली.

आकडे फुगवणं फौजांना नवं नाही. पण इथे फुगवणारा कोण आहे ते बघा. गुलामगिरी टिकवण्यासाठी अमेरिकेतून फुटून निघालेल्या दक्षिणेतल्या राज्यांपैकी एक, लुइझियाना, आपल्या बाजूला काळे शिपाई खूप आहेत असं जगाला सांगतंय. आणि ते शिपाई स्वतःच्या पैशानं शिवलेले गणवेश घालून, स्वतःच मिळवलेल्या बंदुका खांद्यावर टाकून गव्हर्नरसमोरून चालतायत. दोन्ही बाजूंना त्या दिवशी काहीतरी मिळत होतं. काय मिळत होतं, हाच या प्रकरणाचा गाभा.

पलटणीचं नाव फर्स्ट लुइझियाना नेटिव्ह गार्ड. आयुष्य मे १८६१ ते एप्रिल १८६२, त्यातही मध्ये पाचेक आठवडे ती कायद्यानं अस्तित्वातच नव्हती. शत्रूवर एकही गोळी तिनं झाडली नाही. तरी आज दीडशेहून जास्त वर्षांनी तिच्या नावावर इंटरनेटवर भांडणं होतात. 'बघा, काळे लोकही दक्षिणेच्या बाजूनं होते' असं म्हणणाऱ्यांचं हे पहिलं उदाहरण. उलट बाजूचे लोक 'जबरदस्तीनं उभी केलेली बाहुली' म्हणून विषय संपवतात. मला दोन्ही वाचनं आळशी वाटतात.

नावापुढची तीन अक्षरं

अमेरिकेच्या यादवी युद्धाशी मराठी माणसाची ओळख दोन वाटांनी झाली. एक कापसाची : न्यू ऑर्लिन्ससारखी बंदरं उत्तरेच्या आरमारानं कोंडली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि मुंबईत पैशाचा तो प्रसिद्ध पूर आला, जो १८६५ मध्ये ओसरला तेव्हा भल्याभल्यांना घेऊन गेला. दुसरी वाट जोतीराव फुल्यांची. १८७३ साली त्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं. दोन्हीकडून आपल्याला दिसतात ते मळेवाले आणि गुलाम. न्यू ऑर्लिन्समध्ये या दोघांच्या मधोमध एक तिसरा थर होता, आणि तो समजल्याशिवाय ही पलटण समजत नाही.

१८६० च्या जनगणनेत शहराची वस्ती १,६८,६७५. त्यात गुलाम १३,३८५ आणि मुक्त कृष्णवर्णीय १०,६८९. हे मुक्त लोक बहुतेक फ्रेंच बोलणारे, कॅथलिक, बरेचसे मिश्र रक्ताचे. गवंडी, सुतार, चांभार, शिंपी, गिलावा करणारे, सिगार वळणारे. काही चांगले सधन. काहींचे स्वतःचे गुलामही होते, आणि ही गोष्ट कुजबुजत सांगण्याचं कारण नाही. मारी कूव्हाँ नावाची बाई आफ्रिकेत जन्मलेली, गुलाम म्हणून आणलेली, पुढे मुक्त झाली, घरं-जमिनी केल्या, गुलाम बाळगले, आणि १८३७ मध्ये मरताना आपली जागा कृष्णवर्णीय अनाथ मुलांच्या शाळेसाठी ठेवून गेली. शाळा १८४८ मध्ये सुरू झाली. एकाच आयुष्यात हे सगळं बसत असे. असं गाव होतं ते.

मुक्त म्हणजे बरोबरीचे नव्हेत. मालमत्ता घेता येई, करार करता येई, कोर्टात गोऱ्याविरुद्ध साक्षही देता येई. पण मत नाही. आणि कुठल्याही सरकारी कागदावर नावापुढे तीन अक्षरं लागायचीच : इंग्रजीत 'एफ.एम.सी.', फ्रेंचमध्ये 'एच.सी.एल.'. अर्थ एकच, मुक्त कृष्णवर्णीय पुरुष. खरेदीखतावर, लग्नाच्या कागदावर, सगळीकडे. शंभर घरांचा मालक असलात तरी त्या तीन अक्षरांतून सुटका नाही.

१८५० च्या दशकात ही अक्षरंही धोक्यात आली. १८५७ मध्ये लुइझियानानं गुलामांना मुक्त करण्यावरच बंदी घातली. म्हणजे या थरात वरून नवी भर पडणं बंद. १८५९ मध्ये कायदा आला, मुक्त कृष्णवर्णीयाला वाटल्यास त्यानं आपला मालक निवडून गुलाम व्हावं. वाटल्यास! त्याच वर्षी राज्याच्या आतल्या भागात गोऱ्यांच्या 'दक्षता समित्या' मुक्त कुटुंबांना गाव सोडायला लावत फिरत होत्या. शेकडो लोकांनी हैतीची वाट धरली. जे राहिले त्यांना हवा कुठल्या दिशेनं वाहतेय ते कुणी सांगायला नको होतं.

एप्रिलमधली सभा

२६ जानेवारी १८६१ ला लुइझियाना फुटलं. १२ एप्रिलला फोर्ट समटरवर तोफा सुटल्या आणि युद्ध पेटलं. त्यानंतर दहा दिवसांत, २२ एप्रिलला, त्याच कूव्हाँ शाळेत मुक्त कृष्णवर्णीयांची सभा भरली. दोनेक हजार लोक आले आणि पंधराशेच्या आसपास लोकांनी नावं नोंदवली. ठराव झाला की आमच्या वाडवडिलांनी १८१४–१५ मध्ये जसं केलं तसं इतर नागरिकांच्या खांद्याला खांदा लावून शहर राखायला आम्ही तयार आहोत.

ते साल उगीच आलेलं नाही. या लोकांची शिपाईगिरी जुनी. फ्रेंच आणि मग स्पॅनिश अंमलात मिलिशियाच्या, म्हणजे नागरिकांतून उभ्या केलेल्या फौजेच्या, काळ्या आणि मिश्रवर्णीय तुकड्या होत्या. स्पॅनिश गव्हर्नर गाल्वेझनं १७७९ नंतरच्या मोहिमांत, बॅटन रूज, मोबाइल, पेन्सकोलाला, त्या वापरल्या. मग सप्टेंबर १८१४ मध्ये जनरल अँड्र्यू जॅक्सननं इंग्रज येणार म्हणून याच लोकांना जाहीर हाक दिली : गोऱ्या शिपायांना मिळतात तेच १२४ डॉलर, तीच १६० एकर जमीन. ८ जानेवारी १८१५ च्या लढाईत कृष्णवर्णीयांच्या दोन बटालियन उभ्या होत्या. लढाई जिंकली. कौतुक झालं. आणि पुढे, १८३० च्या दशकापर्यंत, मिलिशियाच्या नव्या कायद्यांत त्यांना जागाच उरली नाही. कुणी 'तुम्हाला काढलं' असं म्हटलं नाही, फक्त यादीत नाव घेतलं नाही. ही पद्धत लक्षात ठेवा, ती परत येणार आहे.

तरी ८ जानेवारीच्या वार्षिक मिरवणुकीत १८१५ चे म्हातारे काळे शिपाई दिसत राहिले. जॉर्डन नोबल नावाचा ढोलवाला, लढाईच्या वेळी पोरगा होता, तो कित्येक दशकं शहराच्या मिरवणुकांत तोच ढोल वाजवत असे. गोऱ्यांना तो आवाज आवडायचा. मला वाटतं, १८६१ च्या सभेत बसलेल्यांनी नेमकं हे हेरलं होतं : आपली मागणी या शहराला ऐकू येत नाही, पण आपला ढोल ऐकू येतो.

गव्हर्नर टॉमस मूरनं २ मे १८६१ ला पलटण राज्याच्या मिलिशियात घेतली. वरचा कर्नल गोरा. पण कंपन्यांचे कॅप्टन आणि लेफ्टनंट मुक्त कृष्णवर्णीयच, आणि त्यांना राज्याच्या गव्हर्नरची सनद. सनदी काळे अधिकारी ही त्या देशात फार मोठी गोष्ट होती, आणि ती आधी केली ती गुलामगिरीच्या बाजूनं उभ्या राज्यानं. या विचित्रपणाचा पुढे एका वकिलानं मस्त फायदा करून घेतला. त्याच्याकडे येतोच.

कंपन्या कशा उभ्या राहिल्या हेही बघण्यासारखं आहे. शहरात मुक्त लोकांची बरीच मंडळं होती : आजारपणात मदत करणारी, अंत्यविधीचा खर्च उचलणारी, वर्गणीवर चालणारी. त्यातलंच एक 'आमी द लोर्द्र', म्हणजे सुव्यवस्थेचे मित्र. त्या मंडळींची झाली 'ऑर्डर कंपनी'. तिचा फर्स्ट लेफ्टनंट आंद्रे कायू. वय ३६, धंदा सिगार वळण्याचा, जन्मानं गुलाम, १८४६ मध्ये मुक्त झालेला. म्हणजे पलटण सरकारनं भरती केलेली नव्हतीच. आधीपासून असलेली माणसं, आधीपासून असलेला हिशेबनीस, आधीपासूनचा विश्वास, त्यावर फक्त गणवेश चढला.

शस्त्रागाराची वही

आता प्रश्न : हे लोक मनापासून दक्षिणेच्या बाजूचे होते का?

त्यांनी स्वतः तीन वेळा उत्तर दिलंय. एप्रिल १८६१ चा ठराव म्हणतो, आम्ही राज्याशी एकनिष्ठ. १८६२ मध्ये उत्तरेचा जनरल समोर बसल्यावर त्यांच्या अधिकाऱ्यांनी सांगितलं, नाही म्हणणं आम्हाला शक्य नव्हतं, आणि गोऱ्यांसोबत सेवा केली तर बरोबरीच्या जरा जवळ जाऊ अशी आशा होती. एप्रिल १८६४ मध्ये बॉस्टनला एका मेजवानीत आर्नोल्ड बेर्तोनो, याच पलटणीचा अधिकारी, म्हणाला की आमच्याकडे ना शस्त्रं ना दारूगोळा, आमची स्थिती फार नाजूक होती, अशात राज्यानं हाक दिल्यावर स्वयंसेवक होण्यावाचून दुसरं काय करणार होतो?

तिन्ही उत्तरं समोर कोण बसलंय ते पाहून दिलेली आहेत. त्यात खोटेपणा शोधण्यापेक्षा मी एक साधी गोष्ट करतो. भाषणं बाजूला ठेवतो आणि शस्त्रागाराची वही उघडतो. सरकारनं त्यांना प्रत्यक्षात दिलं काय?

बंदुका नाहीत. गणवेश नाहीत. पगार नाही. मोर्चा नाही. सप्टेंबर १८६१ च्या शेवटी मनॅससच्या लढाईत पकडलेले उत्तरेचे कैदी शहरात आणले. नेटिव्ह गार्ड्सनी त्यांच्यावर पहाऱ्याचं काम मागितलं. लष्करी अधिकाऱ्यांनी आभार मानले आणि ते काम दुसऱ्यांना दिलं. गोऱ्या कैद्यांच्या मागे काळा माणूस संगीन घेऊन चालतोय, हे चित्र कॉन्फेडरसीला, म्हणजे फुटलेल्या दक्षिणी राज्यांच्या संघाला, पचणारं नव्हतं, मग कैदी शत्रूचे का असेनात. पण मिरवणूक असली की पलटण हवीच. नोव्हेंबरची पाहणी झाली, मग ८ जानेवारीचा दिवस आला. फेब्रुवारीत शहराच्या एका मोठ्या वर्तमानपत्रानं त्यांचं कौतुक केलं : कवायत उत्तम, आणि बहुतेक कंपन्यांनी सरकारच्या मदतीविना, खर्च आणि त्रास न बघता, स्वतःच शस्त्रं मिळवली. कौतुक करताकरता त्या बातमीदारानं सरकारचा पंचनामाच केला, बहुधा नकळत.

लढाईवर पाठवायची फौज अशी ठेवत नाहीत. सरकारला हवा होता देखावा. उत्तरेला, युरोपला आणि मुख्य म्हणजे स्वतःच्या गोऱ्या नागरिकांना सांगायला, की आमच्याकडचे काळे लोक सुखात आहेत, बघा, आमच्या झेंड्याखाली चालतायत. म्हणून तारेत १,४००. हजेरीपट खऱ्या माणसांना लागतो, देखाव्याला तार पुरते.

आणि दुसरी बाजू? त्यांनाही लढाई नको होती, असं मी म्हणेन. त्यांना हवा होता दाखला. ज्या वर्षी शेजारी तुमच्याकडे संशयानं बघतात, त्या वर्षी 'हा माणूस नेटिव्ह गार्ड्समध्ये आहे' एवढं वाक्य तुमचं दुकान, तुमची बायको, तुमची गल्ली राखू शकतं. एकत्र जमायला परवानगी, कवायतीचा सराव, कंपनीची यादी, स्वतःच्या पैशाच्या बंदुका. फाटक्या काळात एवढा विमा थोडा नव्हे. काहीजण कॉन्फेडरसीचे खरे भक्त असतीलही. गुलाम बाळगणाऱ्यांचा स्वार्थ तिकडेच होता, आणि त्यांना वगळून चित्र गोड करण्यात अर्थ नाही. पण सगळी पलटण एका भावनेनं उभी होती असं म्हणायला मी तयार नाही. सातआठशे माणसं कधी एका भावनेनं उभी राहिली आहेत?

एका शब्दानं मेलेली, एका आदेशानं उठवलेली

जानेवारी १८६२ मध्ये लुइझियानाच्या विधिमंडळानं मिलिशियाची फेररचना केली. शस्त्र धरू शकणारे सगळे 'मुक्त गोरे पुरुष' मिलिशियात, असा नवा कायदा, अंमल १५ फेब्रुवारीपासून. नेटिव्ह गार्ड्स बरखास्त, असं कुठेही लिहिलं नाही. 'गोरे' हा एक शब्द घातला, झालं. १८३० च्या दशकातली तीच रीत. वर्तमानपत्रातलं ते कौतुक शिळं व्हायच्या आत पलटण कायद्यातून पुसली गेली.

मग नदीनं मत बदललं. मार्चमध्ये डेव्हिड फॅरागटची उत्तरेची लढाऊ जहाजं मिसिसिपीच्या मुखात शिरू लागली. शहरातली चांगली फौज टेनेसीकडे गेलेली. २४ मार्चला गव्हर्नर मूरनं आदेश काढला की नेटिव्ह गार्ड्सनी आपली संघटना कायम ठेवावी आणि लागेल तेव्हा तयार राहावं, गव्हर्नरचा त्यांच्या निष्ठेवर पूर्ण भरवसा आहे. कायद्यानं जिला जागा नव्हती ती पलटण आदेशानं परत उभी राहिली. पाच आठवड्यांपूर्वी हा भरवसा कुठे होता, असं विचारायचा मोह होतो. त्या अधिकाऱ्यांनी तो आवरला. ते परत आले.

२४ एप्रिलच्या रात्री फॅरागट शहराच्या खाली नदी राखणाऱ्या दोन किल्ल्यांच्या तोफांमधून वर निसटला. २५ ला जहाजं शहरासमोर. जनरल मॅन्सफिल्ड लोव्हेल आपली कॉन्फेडरेट फौज घेऊन निघून गेला. नेटिव्ह गार्ड्सना मिलिशियाच्या जनरलकडून सांगणं आलं की पांगा. त्यांना कुणी बरोबर नेलं नाही, आणि त्यांनीही मागे लागून जाण्याची घाई केली नाही. बंदुका लपवल्या, गणवेश उतरवले, आणि जो तो आपल्या वीट-चुन्याकडे, चामड्याकडे, तंबाखूकडे गेला. बंदुका मात्र कुणी नदीत टाकल्या नाहीत.

शत्रूच्या सहीचा उपयोग

१ मे ला उत्तरेचा जनरल बेंजामिन बटलर सैन्यासह उतरला. मॅसॅच्युसेट्सचा वकील, राजकारणी, आणि शहरानं जन्मभर शिव्या घातलेला माणूस. कायद्याची फट शोधण्यात त्याचा हात धरणारा नव्हता. मे १८६१ मध्ये व्हर्जिनियात पळून आलेले गुलाम परत मागितले गेले तेव्हा यानंच म्हटलं होतं, तुम्ही त्यांना माल समजता ना, मग हा युद्धात जप्त केलेला माल, परत मिळणार नाही.

उन्हाळ्यात नेटिव्ह गार्ड्सच्या अधिकाऱ्यांचं एक शिष्टमंडळ त्याला भेटलं. आधी त्यानं फारसं मनावर घेतलं नाही. त्याच्याच हाताखालचा जनरल जॉन फेल्प्स शहराबाहेरच्या छावणीत पळून आलेल्या गुलामांच्या कंपन्या उभ्या करत होता. बटलरनं त्याला त्यांच्या हाती कुऱ्हाडी देऊन झाडं तोडून घ्यायला सांगितलं. गुलाम हाकण्याचं काम माझं नाही, अशा अर्थाचं उत्तर देऊन फेल्प्सनं जुलैअखेर राजीनामा दिला. आणि लगेच, ५ ऑगस्टला, कॉन्फेडरेट फौजेनं बॅटन रूजवर हल्ला केला. बटलरकडे माणसं कमी, वॉशिंग्टनकडून कुमक येईना. दहा दिवसांच्या आत त्यानं युद्धमंत्री स्टँटनला कळवलं की कुमक नसेल तर मी आफ्रिकेला हाक देईन.

पण हाक द्यायची कशी? काळ्यांना शिपाई करायला वॉशिंग्टनची उघड परवानगी नव्हती. २२ ऑगस्ट १८६२ चा त्याचा सर्वसाधारण आदेश क्रमांक ६३ वाचताना मला दर वेळी हसू येतं. आदेश म्हणतो : या शहरात 'नेटिव्ह गार्ड्स' नावाची कृष्णवर्णीयांची पलटण होती, तिच्या अधिकाऱ्यांना लुइझियानाचे गव्हर्नर टॉमस मूर यांची रीतसर सनद होती, आणि गेल्या मार्चमध्ये गव्हर्नरांनी तिला कायम राहायला सांगितलं होतं. म्हणजे नवं मी काहीच करत नाही. जी फौज आधीपासून आहे ती फक्त सरकारी सेवेत बोलावतोय.

ज्या पलटणीला दक्षिणेनं एक बंदूक दिली नाही, तिच्या सनदेचा कागद उत्तरेला भरतीचा आधार म्हणून पुरला. मूरनं देखाव्यासाठी केलेल्या सह्या शत्रूनं खऱ्या धरल्या.

२७ सप्टेंबर १८६२ ला उत्तरेची फर्स्ट लुइझियाना नेटिव्ह गार्ड सेवेत दाखल झाली. लिंकनच्या मुक्तीच्या प्राथमिक जाहीरनाम्याला तेव्हा पाच दिवस झाले होते. बटलरनं मंत्र्याला खात्री दिली होती की यातला सर्वांत काळा माणूसही दिवंगत वेबस्टरसाहेबांच्याच वर्णाचा असेल. डॅनियल वेबस्टर म्हणजे मॅसॅच्युसेट्सचा नामांकित गोरा सिनेटर, रंगानं सावळा. प्रत्यक्षात भरतीच्या टेबलापाशी तू मुक्त आहेस का असं फार कुणी खोदून विचारलं नाही, आणि मळ्यांतून पळून आलेले लोक शेकड्यांनी शिरले. आणखी दोन पलटणी वर्षअखेरीपर्यंत झाल्या.

नाव तेच, माणसं मात्र फारशी तीच नाहीत. जुन्या पलटणीतल्या दर दहा शिपायांतला जेमतेम एक नव्या पलटणीत आला. ही गोष्ट दोन्ही बाजूंच्या आवडत्या कथा मोडते. ते मनातून उत्तरेचेच असते तर धावत आले असते. मनातून दक्षिणेचे असते तर लोव्हेलमागे गेले असते. बहुतेकांनी तिसरंच केलं. ते घरी राहिले. त्यांना जे राखायचं होतं ते घर होतं.

कातरलेला फोटो

तुम्ही या पलटणीचं नाव शोधलंत तर एक फोटो समोर येण्याची शक्यता बरीच आहे. लांब हिवाळी कोट घातलेले डझन-दीड डझन काळे शिपाई, बंदुका टेकवून रांगेत, आणि कोपऱ्यात छापील अक्षरं : फर्स्ट लुइझियाना नेटिव्ह गार्ड, १८६१. काळे कॉन्फेडरेट होते याचा पुरावा म्हणून हा फोटो वर्षानुवर्षं विकला गेला.

दोन संशोधकांनी २००७ च्या सुमारास त्याची मुळं खणली. मूळ फोटो फिलाडेल्फियाच्या स्टुडिओतला, १८६४ च्या सुमाराचा. शिपाई उत्तरेचे. त्यावरूनच तिकडे काळ्यांच्या भरतीसाठी रंगीत चित्र छापलं होतं. मूळ फोटोत डाव्या कडेला उत्तरेचा एक गोरा अधिकारी उभा आहे. नव्या प्रतीत तेवढी कड कातरली आणि खाली खोटं नाव घातलं. लुइझियानाच्या उन्हाळ्यात घामानं भिजणाऱ्या माणसांना असले जाड कोट कशाला, हा प्रश्नही विकत घेणाऱ्यांना पडला नाही. १८६१ मध्ये तारेनं जे केलं तेच इथे कात्रीनं केलं.

अंगठी

जे थोडे आले त्यांच्यात आंद्रे कायू होता. ऑर्डर कंपनीचा लेफ्टनंट आता उत्तरेच्या पहिल्या पलटणीत ई कंपनीचा कॅप्टन झाला. तिथेही सगळं सुरळीत नव्हतं. डिसेंबरमध्ये बटलर गेला, जनरल नॅथॅनिएल बँक्स आला, आणि त्याला काळे अधिकारी नको होते. दुसऱ्या आणि तिसऱ्या पलटणीतल्यांना एकेक करून राजीनामे द्यायला लावले. पहिलीतले अजून टिकून होते.

२७ मे १८६३ ला मिसिसिपीकाठच्या पोर्ट हडसनवर बँक्सनं हल्ला केला. पहिली आणि तिसरी नेटिव्ह गार्ड ज्या बाजूला लावली तिथे समोर उंच कडा, मध्ये पाण्यानं भरलेला सखल भाग, वरून तोफा. जागा अशी की तिथून यश येणं जवळपास अशक्य. कायूचा हात गोळीनं मोडला. तो लोंबता हात घेऊन कधी इंग्रजीत तर कधी फ्रेंचमध्ये माणसांना पुढे ओढत राहिला, आणि मग तोफगोळ्यानं पडला.

प्रेत उचलता आलं नाही. वरून नेमबाज टिपत होते. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पोर्ट हडसन शरण आलं तोवर ते तसंच उन्हापावसात पडून राहिलं, सहा आठवडे. चेहरा उरला नव्हता. गणवेश इतरांसारखाच. ओळख पटली ती बोटातल्या अंगठीवरून, आणि ती अंगठी कुठल्याच फौजेची नव्हती. ती 'सुव्यवस्थेचे मित्र' मंडळाची होती.

२९ जुलैला न्यू ऑर्लिन्समध्ये अंत्ययात्रा निघाली. आधी शव मंडळाच्या दिवाणखान्यात ठेवलं होतं. फादर क्लोद मेत्र यांनी विधी केले. आर्चबिशपशी त्यांचं वाजलेलं होतं, तरी ते आले. तीसहून अधिक कृष्णवर्णीय मंडळं आपापल्या खुणा लावून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभी होती. पुढे लष्करी बँड होता.

पुढच्या मार्चमध्ये दोन माणसं वॉशिंग्टनला लिंकनला भेटायला गेली. एक झां-बातिस्त रूदानेझ आणि दुसरा तोच आर्नोल्ड बेर्तोनो. हातात हजारावर सह्यांचा अर्ज, त्यात १८१५ च्या लढाईतल्या सत्तावीस म्हाताऱ्यांच्याही सह्या. मागणी मताच्या हक्काची. लिंकननं दुसऱ्याच दिवशी लुइझियानाच्या नव्या गव्हर्नरला खासगी पत्र लिहिलं : काही कृष्णवर्णीयांना मत देता येईल का ते बघा, जे फार हुशार आहेत त्यांना, आणि विशेषतः जे आपल्या रांगांतून शौर्यानं लढले त्यांना. त्या वर्षीच्या राज्यघटनेनं ते दिलं नाही. पुढे कधीतरी विधिमंडळानं वाटलं तर द्यावं, एवढी मुभा ठेवली.